सी अँड ओ कालव्याची वाट: खडी हवी की माती?

पायवाट:
वॉशिंग्टनच्या जॉर्जटाऊनपासून मेरीलँडमधल्या कंबरलँडपर्यंत, पोटोमॅक नदीच्या काठाने १८४.५ मैलांची ही सी अँड ओ, म्हणजे चेसापीक अँड ओहायो, कालव्याची वाट. पूर्वी खेचरं इथून दोराने बोटी ओढायची. आता काही टप्प्यांवर बारीक खडी दाबून बसवली आहे. माझं स्पष्ट मत आहे, बाकीची वाट मातीचीच राहू द्या. गुळगुळीत झाली की सायकली सुसाट सुटतात. ताशी १५ मैलांची मर्यादा आहे, चालणाऱ्याला आधी वाट द्यायची, घंटी वाजवायची, पण पाळतं कोण? १९५४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती विल्यम डग्लस इथे चालले, ते कालव्याच्या जागी मोटाररस्ता होऊ नये म्हणून. रस्त्याची बाजू घेणाऱ्या ‘वॉशिंग्टन पोस्ट’च्या संपादकांना त्यांनी सोबत बोलावलं आणि चालून आल्यावर पेपरने सूर बदलला. १९७१ मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान झालं ते त्या चालण्यामुळे. वेगासाठी नव्हे.

दोनचाकी:
साफ असहमत. डग्लस डांबर आणि मोटारींविरुद्ध होते, खडीविरुद्ध नाही. पिट्सबर्गहून कंबरलँडपर्यंतची ‘ग्रेट अ‍ॅलेगेनी पॅसेज’ वाट बारीक चुनखडीची आहे. तिथून इकडे उतरलं की पावसानंतर चाकं चिखलात रुततात, मुळांवर आपटतात. आणि माती म्हणजेच इतिहास हे कुठून आलं? कालवा चालू असताना कंपनी या वाटेची डागडुजी करायचीच. खेचर घसरलं तर बोट अडायची.

नदीकाठ:
सायकलवाल्यांचं जाऊ द्या. भारतातून आलेल्या आईबाबांना घेऊन जाते तेव्हा बाबांची व्हीलचेअर खडीवर जाते, चिखलात नाही. बाबागाडीचंही तेच. ज्यांचे पाय धड आहेत त्यांनीच कालवा बघायचा का?

पायवाट:
नदीकाठ, तुमचा मुद्दा मान्य. ग्रेट फॉल्ससारख्या गर्दीच्या जागी, पार्किंगजवळ खडी टाका, रुंदही करा. पण पॉ पॉ बोगद्याकडचं रान तसंच ठेवा. त्या ३,११८ फुटी अंधारात वाट इतकी अरुंद आहे की सायकल हातात धरूनच चालावं लागतं, आणि कुणाचं काही अडत नाही.

दोनचाकी:
बोगद्यात उतरतोच आम्ही, मोनोकॅसी नदीवरून कालवा नेणाऱ्या जलसेतूवरही उतरतो. पण मधले कितीतरी मैल पाणी साचलेलं असतं, तेव्हा चालणारेसुद्धा कडेचं गवत तुडवत जातात आणि वाट दर वर्षी रुंदावते. ती झीज मातीनेच होते आहे. त्यावर तुमच्याकडे काय उपाय आहे?