मदत हवी आहे: बोल्ट पक्के बसलेत, तरी खाणीतल्या गॅलरीचं छत सरकतंय

नमस्कार. मी भूमिगत कोळसा खाणीत सपोर्टचं काम बघतो. एका भागातल्या छताने झोप उडवली आहे. रूफ बोल्टिंगचा (छताच्या खडकात भोकं पाडून पोलादी बोल्ट बसवण्याचा) प्रत्यक्ष अनुभव असलेल्यांनी कृपया वाचून मत द्यावं.

जमिनीखाली खोली साधारण ३५० मीटर. गॅलरी, म्हणजे कोळशातून काढलेला बोगदा, ४.८ मीटर रुंद, ३ मीटर उंच. छताला थोडा कोळसा ठेवलाय, त्यावर पातळ थरांचं शेल (चिखलाचा खडक) आणि छतापासून तीन मीटर उंचीच्या आसपास जाड वालुकाश्म सुरू होतो. बोल्ट १.८ मीटरचे, पूर्ण लांबीभर रेझिनने चिकटवलेले, ओळीत चार, दोन ओळींत १.२ मीटर अंतर. शिवाय पट्टी आणि जाळी आहेच.

उताराच्या दिशेने जाणाऱ्या गॅलऱ्या ठणठणीत आहेत. त्यांना काटकोनात जाणाऱ्या लेव्हल गॅलऱ्यांत मात्र, छत आणि भिंत मिळतात त्या कोपऱ्यात लांबच लांब चर पडतोय. तोही प्रत्येक गॅलरीत त्याच एका बाजूला. शेलचे तळहाताएवढे पापुद्रे सुटून जाळीत अडकलेले दिसतात. छत किती सरकलं ते रंगीत पट्ट्यांवर दाखवणारा टेलटेल दोन उंचीचा आहे, खालचा अँकर १.५ मीटरवर, वरचा ४ मीटरवर. खालच्याची नळी हिरव्या पट्ट्यातच आहे, वरच्याची पिवळ्यात गेली आणि अजून सरकतेय. पुल टेस्टमध्ये (बोल्ट ओढून बघण्याच्या चाचणीत) बोल्ट पास. काठीने ठोकलं तर आवाज टणक.

ओळींतलं अंतर १ मीटर करा, असं वरून सांगितलंय. करू, पण त्याने थांबेल का? त्या वाटेने रोज माणसं जातात. नुसतं करून बघू म्हणायची माझी तयारी नाही.

जुना सरदार:
आधी तातडीचं. वरची नळी सरकायची थांबलेली नाही, म्हणजे छत चालू आहे. त्या गॅलरीतली ये-जा बंद करा, माणसं दुसऱ्या वाटेने न्या. धड छताखाली उभं राहून तिथून आत आत प्रॉप (उभे टेकू) आणि कॉग (आडवे-उभे ओंडके रचून केलेले आधार) उभे करत जा. टेलटेलची नोंद दर पाळीला, वेळ लिहून, एकाच माणसाने घ्यावी. किती मिलिमीटर सरकलं त्यापेक्षा सरकण्याचा वेग वाढतोय का, ते बघा. वाढत असेल तर सपोर्ट लावायलाही आत जाऊ नका.

आणि ठोकून बघण्यावर विसंबू नका. हात छताला लावून काठी मारली की सुटलेला थर थरथरतो, भद्द वाजतो, हे खरं. पण ते अगदी खालच्या थरापुरतं. दोन मीटर वर थर सुटले असतील तर काठीला काहीच कळत नाही.

भूस्तर:
तुमच्या प्रश्नाचं उत्तर टेलटेलच देतोय. खालची नळी शांत, म्हणजे बोल्टांनी आपलं काम चोख केलंय. पुस्तकाची पानं शिवावीत तसे त्यांनी १.८ मीटरपर्यंतचे थर एकत्र बांधले आणि एक तुळई तयार केली. हालचाल आहे ती या तुळईच्या वर, वालुकाश्माच्या खाली. अख्खी तुळईच वरच्या खडकापासून सुटते आहे. अशा वेळी त्याच लांबीचे आणखी बोल्ट मारले तर तुळई घट्ट होईल, टांगली जाणार नाही. म्हणून अंतर कमी करण्याचा उपाय इथे जवळपास वाया जाईल असं माझं स्पष्ट मत आहे. हवेत ते लांब केबल बोल्ट, म्हणजे पोलादी तारांच्या दोराचे बोल्ट, वालुकाश्मात किमान दोन मीटर तरी रुतणारे. तुमच्या थरांना पाच-सहा मीटर लांबी धरा. पण आधी भोकं मारून वालुकाश्म नक्की कुठे सुरू होतो ते मोजा, एकाच ठिकाणच्या आकड्यावर जाऊ नका.

आता तो चर. ३५० मीटरवर उभा दाब पावणेनऊ मेगापास्कलच्या आसपास येतो. पण कित्येक कोळसा क्षेत्रांत आडवा दाब उभ्यापेक्षा जास्त असतो आणि सगळ्या दिशांना सारखा नसतो. जास्तीत जास्त आडव्या दाबाला समांतर गॅलरी सुखरूप राहते, आडवी जाणारी मार खाते. तिरकी असेल तर एकाच कोपऱ्यावर दाब गोळा होतो आणि तिथे थर चिरडून चर पडतो. कुठल्या गॅलरीत, कुठल्या बाजूला, किती खोल चर आहे, हे सगळं खाणीच्या नकाशावर रंगवा. दाबाची दिशा बरीचशी त्यातूनच कळेल. पुढचं पॅनल (खाणकामाचा पुढचा भाग) आखताना जास्त लांबीच्या गॅलऱ्या त्या दिशेशी जुळवता येतात.

धागाकर्ता:
दोघांचेही मनापासून आभार. वाट आजच बंद करायला सांगतो. मग पुल टेस्टला अर्थ काय उरला? शिवाय एका सहकाऱ्याचं म्हणणं आहे की पिलर (गॅलऱ्यांच्या मधे सोडलेले कोळशाचे खांब) मोठे ठेवले असते तर हे झालंच नसतं.

भूस्तर:
पूर्ण रेझिन भरलेला बोल्ट खालून ओढला की तोंडाजवळचं रेझिनच बराचसा भार घेतं. वरचा भाग चिकटलाय की नाही, हे त्यातून कळत नाही. त्यासाठी वरच्या टोकाला साधारण ३०० मिलिमीटरच रेझिन भरून ओढायची चाचणी वेगळी असते. भोक गरजेपेक्षा रुंद असलं किंवा बोल्ट नीट फिरवला नाही, तर रेझिनच्या कॅप्सूलची प्लॅस्टिक पिशवी फाटतच नाही, बोल्टाभोवती मोज्यासारखी राहते. पडलेल्या छतातले बोल्ट मिळाले तर हे आवर्जून बघा.

इंग्लंडमध्ये बिल्सथॉर्प खाणीत १८ ऑगस्ट १९९३ रोजी बोल्ट मारलेल्या रस्त्याचं छत पडून तिघे गेले. बोल्ट आहेत म्हणून छत सुरक्षित, हा हिशेब धरता येत नाही. टेलटेल आणि त्याच्या नोंदी एवढ्या जीव लावून कराव्या लागतात त्या म्हणूनच.

पिलरचा मुद्दा महत्त्वाचा, पण वेगळा. दक्षिण आफ्रिकेत कोलब्रुक कोळसा खाणीत २१ जानेवारी १९६० रोजी पिलर साखळीने चिरडले आणि ४३५ माणसं गेली. त्यानंतरच्या अभ्यासातून १९६७ मध्ये सॅलमन आणि मन्रो यांचं पिलरच्या ताकदीचं सूत्र आलं. पण तुमच्या भिंती सोलवटत नसतील, तळ फुगत नसेल, तर दोष पिलरचा दिसत नाही. पिलर कितीही मोठा ठेवला तरी आडवा दाब छतातूनच जाणार.

धागाकर्ता:
भिंती आणि तळ दोन्ही ठीक आहेत. केबल बोल्टची सुरुवात कुठून करू? सगळीकडे एकदम होणार नाही.

जुना सरदार:
जंक्शनपासून. गॅलरी ४.८ मीटर असली तरी चौफुलीवर कर्ण ६.८ मीटरच्या घरात जातो आणि कोपरे झडले की आणखी वाढतो. आधी चौफुल्या, मग त्यांच्या दोन्ही बाजूंचे लेव्हलचे तुकडे, आणि चर ज्या बाजूला आहे तिकडचे केबल पिलरच्या डोक्यावर तिरके. पुढची लेव्हल मारताना जमेल तिथे चौफुलीऐवजी तिठा करा. कटिंग झाल्यावर बोल्ट लागेपर्यंत छत उघडं पडतं, ते अंतरही कमी करा. एकदा थर सुटायला लागल्यावर मारलेला बोल्ट उशिराचाच.

प्रत्येक चौफुलीच्या मधोमध एक टेलटेल हवाच. आज तुमच्याकडे तिथे आहेत का, ते कळवा.

धागाकर्ता:
सगळीकडे नाहीत. केबलची मागणी देतानाच टेलटेलचीही देतो, आणि नकाशा रंगवून झाला की चरांच्या बाजू इथेच लिहितो.