वनस्पतीजन्य म्हणून निर्धोक?

'झोपेची टॉनिके वनस्पतीजन्य असतात, लाभ झाला नाही तरी अपाय होत नाही' असे मत अनेकदा मांडले जाते; मला ते अर्धेच पटते. अशा टॉनिकांतल्या अश्वगंधेचा उपयोग मी नाकारत नाही, मात्र अरिष्ट, म्हणजे आंबवलेले आयुर्वेदिक औषध, कसे तयार होते याचा उल्लेख असे म्हणणारे करत नाहीत. काढ्यात मध किंवा गूळ आणि धायटीची फुले घालून तो आंबवतात, त्यामुळे त्यात मद्यार्क आपोआपच निर्माण होतो. गंगावेशीत राहणाऱ्या माझ्या आत्या रात्री डॉक्टरांनी दिलेली झोपेची गोळी घेत आणि त्यावर दोन झाकणे अश्वगंधारिष्टही घेत. सकाळी त्यांचा तोल जाऊ लागला, तेव्हा बाटली उजेडात धरून पाहिली. लेबलच्या कडेला, मुंगीएवढ्या अक्षरांत, स्वयंनिर्मित अल्कोहोल ५ ते १० टक्के असे छापलेले होते. मात्रा लहान असली तरी मद्यार्क आणि झोपेची गोळी एकमेकांची गुंगी वाढवतात, आणि उतारवयात पडून खुब्याचे हाड मोडले तर माणूस अंथरुणालाच खिळू शकतो. शिवाय त्यांना मधुमेह आहे, आणि गोडाचा प्रश्न उरतोच. डॉक्टर 'कोणती औषधे चालू आहेत' असे विचारतात, तेव्हा आपल्याकडची वडीलधारी माणसे टॉनिकचे नाव घेत नाहीत, कारण त्यांच्या लेखी ते औषधच नसते; म्हणून तपासणीला जाताना ती बाटलीच पिशवीत घालून न्यावी, असे मी आग्रहाने सांगेन.