मदत हवी आहे : भावाच्या क्रॉन्ससाठी स्टेम सेल, सहा लाख मागायलेत

नमस्कार मंडळी, आम्ही मानवतकडचे, जि. परभणी. धाकटा भाऊ 24 वर्षांचा आहे, तीन वर्षं झाली पोटात कळा, दिवसातून आठ-दहा वेळा संडास, वजन 61 वरून 44 वर आलं. आधी सगळे मूळव्याधच म्हणले, मग आतड्याचा टीबी म्हणून सहा महिने गोळ्या खाल्ल्या, काहीच उतार नाही, शेवटी संभाजीनगरला दुर्बिणीची तपासणी झाली तेव्हा क्रॉन्स (आतड्याला कायमची सूज राहणारा आजार) निघाला. आता भगंदर (गुदद्वाराजवळ पू वाहणारी नळी) पण झालंय, पू साचू नये म्हणून त्यात सेटॉनचा धागा टाकलाय, आणि स्टेरॉइड कमी केलं की परत सुरू. डॉक्टर इन्फ्लिक्सिमॅब (सूज दाबणारं इंजेक्शन) घ्या म्हणायलेत.

त्यातच दाजींच्या ओळखीतून एक सेंटर कळलं. पोटाची चरबी काढून त्यातल्या स्टेम सेल म्हणजे मूळ पेशी सलाइनमधून सोडणार, तीन वेळा, सहा लाख, आणि आजार मुळातून जाईल म्हणे. बाबा अर्धा एकर विकायला निघालेत. लेकराचे हाल बघवत नाहीत त्यांना, मी त्यांना दोष देत नाही.

पण मी चार रात्री वाचत बसले. युरोपात 2018 ला क्रॉन्सच्या भगंदरासाठी अशा एका औषधाला मान्यता मिळालेली, पण त्यात दुसऱ्या माणसाच्या चरबीतल्या 12 कोटी पेशी भूल देऊन थेट भगंदराच्या नळीभोवती टोचायचे, शिरेतून नाही. पहिल्या ट्रायलमध्ये 212 पेशंट होते, 24 आठवड्यांनी पेशीवाल्यांतले निम्मे बरे आणि नुसतं मिठाचं पाणी टोचलेल्यांतले पण 34 टक्के, कारण नळी खरवडून आतलं तोंड शिवायचं काम दोघांतही केलेलं होतं. दुसरी मोठी ट्रायल 2023 ला फसली न् 2024 अखेर कंपनीनं ते औषध युरोपातून काढून घेतलं. जिथं एवढी तपासणी झाली तिथं ही गत, मग हे सलाइनवालं कशाच्या जोरावर गॅरंटी देतेत?

आपल्याकडं आयसीएमआरच्या (केंद्राची वैद्यकीय संशोधन संस्था) 2017 च्या नियमांत रक्ताच्या वगैरे ठराविक आजारांतलं बोनमॅरो ट्रान्सप्लांट सोडून बाकी सगळं ट्रायलमध्येच करायचं, उपचार म्हणून विकायचं नाही असं आहे. मी सेंटरला सीटीआरआयचा (देशातल्या ट्रायलची सरकारी नोंदवही) नोंदणी नंबर मागितला, तर त्यांनी बँकेचा खाते नंबर पाठवला.

कुणी खऱ्या, नोंदणी असलेल्या ट्रायलमध्ये गेलंय का? आणि सेटॉन असताना इन्फ्लिक्सिमॅब घेतलेल्यांना पू थांबायला किती दिवस लागले? बाबांना कसं समजवावं तेही सांगा, माझं ऐकत नाहीत.

प्रतिसाद १ : ताई, मी नांदेडचा, मला पण क्रॉन्स, भगंदर होतं. इन्फ्लिक्सिमॅब पहिल्या दिवशी, मग 2 आणि 6 आठवड्यांनी, नंतर दर 8 आठवड्यांनी असतंय. मला तिसऱ्या डोसनंतर पू कमी झाला, धागा त्यानंतर काढला. सुरू करायच्या आधी टीबीची तपासणी परत करून घ्या, गोळ्या झाल्यात म्हणून सोडू नका. बायोसिमिलर (त्याच औषधासारखं दुसऱ्या कंपनीचं) स्वस्त पडतंय, विचारा. आणि बाबांना तुम्ही समजवू नका, डॉक्टरच्या समोर बसवा न् त्यांनाच विचारू द्या, माझ्या वडलांचं तसंच झालं.

लेखिका : दादा, लई आधार वाटला. सोमवारी बाबांना सोबत नेते, हो म्हणलेत. पण त्यांनी सेंटरला टोकन म्हणून 20 हजार आधीच भरलेत हे आज कळलं, पावती आहे. ते परत मिळवायला कुठं जावं लागेल?