मदत हवी आहे: हॅकेथॉनच्या टी-शर्टवर छपाई कोणती करावी?

घाईत_आहे
ऑफिसचं हॅकेथॉन आहे, हिंजवडीत. २४० टी-शर्ट छापायचेत. समोर आमचा लोगो, पाठीवर प्रायोजकांचे. एक छपाईवाला म्हणतो स्क्रीन करा (जाळीच्या साच्यातून शाई दाबून), दुसरा म्हणतो डीटीएफ (फिल्मवर छापून गरम दाबाने कापडावर चिकटवायचं), आणि दोघं एकमेकांना नावं ठेवतायत. कोणाचं ऐकू? आजच ऑर्डर द्यायची आहे, लवकर सांगा.

मेश_काउंट
शर्टाचा रंग? कापड कोणतं? लोगोत रंग किती? कार्यक्रम कधी? हे कळल्याशिवाय जो उत्तर देईल तो ठोकून देतोय असं समजा.

तरी २४० नग म्हणजे स्क्रीनच. एका रंगाला एक स्क्रीन, गडद शर्ट असेल तर खाली पांढऱ्या थराची एक जास्तीची. म्हणजे तीन रंगांच्या लोगोला चार. हा खर्च एकदाच होतो आणि २४० नगांवर वाटला की जाणवत नाही. सांभाळायचं ते क्युअरिंग, म्हणजे शाई तापवून पक्की करणं. प्लास्टिसोल शाईचा थर तळापर्यंत १६० अंशांच्या आसपास तापावा लागतो. नाहीतर वरून कोरडा दिसतो, आत कच्चा राहतो आणि पहिल्याच धुण्यात तडकतो. माल घेताना छपाई दोन्ही हातांनी ताणून बघायची. भेगा पडल्या तर परत पाठवा.

कापूसकोंड्या
आला स्क्रीनवाला! लोगोत ग्रेडियंट (एका रंगातून दुसऱ्यात हळूहळू जाणारी छटा) असेल तर चार स्क्रीननी काय होणार? हाफटोन (बारीक ठिपक्यांनी छटा दाखवणं) करायला चांगला कारागीर लागतो, तो या घाईत मिळणार नाही. डीटीएफ करा. रंग कितीही असोत, स्क्रीन बनवायला नको.

मेश_काउंट
आणि पाठभर डीटीएफ घालून उन्हात उभं राहायचं? हवा अडते, पाठीला रेक्झिन चिकटवल्यासारखं वाटतं.

कापूसकोंड्या
ते डिझाइन सलग ठोकळ्याचं असेल तर. पार्श्वभूमी काढून टाका, कापडाचाच रंग मधून दिसू द्या. सावल्या आणि चमक मात्र ठेवू नका. अर्धपारदर्शक भागाखाली मशीन पांढरा थर टाकतं आणि कडेला पांढरट झालर दिसते.

सोलापुरी_चादर
टी-शर्ट कशाला? दोन महिन्यांत गाड्या पुसायला जातात. सोलापूरचे टेरी टॉवेल द्या, कोपऱ्यात लोगो भरतकामाने. साइझची भानगड नाही.

घाईत_आहे
टॉवेल नको, वरून टी-शर्टच ठरलंय. रंग गडद आहे. लोगोत निळ्यापासून जांभळ्यापर्यंत ग्रेडियंट. प्रायोजक पाच. कार्यक्रम १२ दिवसांवर. आणि हो, प्रत्येकाच्या शर्टावर त्याचं नाव हवंय.

मेश_काउंट
नावं! हे पहिल्या ओळीत यायला हवं होतं. २४० नावांना २४० स्क्रीन कोण करणार? नावं डीटीएफनेच होतील, एका रोलवर ओळीने लावून. पाठीवरचे प्रायोजक मात्र एकाच रंगात स्क्रीनने करा. त्यांच्याकडून लोगोची एकरंगी आवृत्ती आणि ईमेलवर लेखी मंजुरी आत्ताच मागवा. बऱ्याच कंपन्या आपला लोगो रंगीत पार्श्वभूमीवर वापरू देत नाहीत आणि हे छपाई झाल्यावर कळतं.

आता दुसऱ्यांदा विचारतो, कापड कोणतं? कॉटन असेल तर १८० जीएसएम (चौरस मीटरला १८० ग्रॅम), बायोवॉश केलेलं (एन्झाइमने धुऊन गुळगुळीत केलेलं).

जीएसटीवाली
२२ सप्टेंबर २०२५ पासून नगाची किंमत २५०० रुपयांपर्यंत असेल तर तयार कपड्यांवर जीएसटी ५ टक्के, त्यापुढे १८. विणलेल्या होजिअरी टी-शर्टचा एचएसएन (मालाचा कर-कोड) ६१०९. फुकट वाटणार असाल तर कलम १७(५)(एच) खाली इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) अडकू शकतं, सीएंना विचारा.

कापूसकोंड्या
हे कोणी विचारलं होतं?

जीएसटीवाली
बिल आल्यावर विचारतील.

घाईत_आहे
कापड ड्राय-फिट. मरून. कोरे शर्ट एचआरने आधीच घेऊन ठेवलेत, त्यामुळे कापडाबद्दल सांगू नका.

मेश_काउंट
अहो, सगळं तिथेच तर आहे! ड्राय-फिट म्हणजे पॉलिएस्टर. त्याचा डिस्पर्स डाय (पॉलिएस्टर रंगवायचा रंग) गरम झाला की वाफ होऊन वरच्या शाईत शिरतो. मरूनवरचा पांढरा लोगो गुलाबी होतो, आणि कधीकधी छापताना नाही, दोन-तीन दिवसांनी, खोक्यात पडल्यापडल्या. लाल आणि मरून यात सगळ्यात वाईट.

आज एवढंच करा: एका शर्टावर पांढरा रुमाल ठेवून गरम इस्त्री अर्धा मिनिट दाबा. रुमालाला रंग लागला तर साधी प्लास्टिसोल विसरा. १३० अंशांच्या आसपास पिकणारी लो-क्युअर शाई घ्या आणि तिच्याखाली रंग अडवणारा राखाडी बेस द्या. छापलेले शर्ट गरम असताना एकावर एक रचू द्यायचे नाहीत.

कापूसकोंड्या
डीटीएफलाही तेच. साध्या फिल्मवर गुलाबी होईल, काळ्या ब्लॉकर (रंग अडवणाऱ्या) थराची फिल्म मागा. हीट प्रेसने पॉलिएस्टरवर चौकोनी चकाकी उमटते, म्हणून दाब कमी ठेवायला सांगा. आणि फिल्म सोलण्याची घाई नको. कोल्ड पील असेल तर पूर्ण गार झाल्यावरच, नाहीतर अक्षरांच्या कडा उचलल्या जातात.

रंगीबेरंगी
सब्लिमेशन (रंगाची वाफ करून कापडात मुरवणं) करा ना, पॉलिएस्टरला तेच चालतं.

मेश_काउंट
पांढऱ्या पॉलिएस्टरला. सब्लिमेशनमध्ये पांढरी शाई नसते, मरूनवर काय दिसणार?

घाईत_आहे
रुमाल गुलाबी झाला. लोगो व्हॉट्सॲपवरचा पीएनजी आहे, चालेल का? छातीवर ‘सर्वांचा कोड’ असंही टाकायचंय.

कापूसकोंड्या
नाही. १० इंच रुंद छपाईला ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) ३००० पिक्सेल लागतात, व्हॉट्सॲप फोटो दाबून पाठवतं. डिझाइनरकडून मूळ व्हेक्टर फाइल (कितीही मोठी केली तरी न फाटणारी) घ्या, पीडीएफ किंवा सीडीआर. मराठी मजकूर कर्व्हमध्ये (फॉन्टऐवजी आकारात) बदलूनच द्या. छपाईवाल्याच्या कोरल सॉफ्टवेअरमध्ये तो फॉन्ट नसेल तर ‘सर्वांचा’मधला रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसतो. नावांची एक्सेल देताना तीच काळजी, आणि नावासमोर साइझ लिहा, म्हणजे एक्सएलवर भलत्याचं नाव छापलं जाणार नाही.

घाईत_आहे
साइझ फॉर्ममध्ये भरून घेतलेत. एस, एम, एल असं.

मेश_काउंट
इंचाशिवाय? एका ब्रँडचा एल छातीला ४० असतो, दुसऱ्याचा ४२. आलेल्या शर्टाची काखेखालची रुंदी टेपने मोजा, दुप्पट करा, तो आकडा फॉर्ममध्ये टाकून आज पुन्हा भरून घ्या. साइझ नक्की झाल्याशिवाय नावं छापायला देऊ नका. प्रत्येक साइझचे चार-पाच बिननावाचे शिल्लक ठेवा. आणि छपाईवाल्याला ब्लॉकर आहे का ते विचारा. ‘बघतो’ म्हणाला तर दुसरा गाठा. एक नमुना छापून दोन दिवस बंद पिशवीत ठेवायचा, पांढरा राहिला तरच ॲडव्हान्स.

घाईत_आहे
दोन दिवस??

मेश_काउंट
१२ आहेत ना.