नरक नक्की कुठे आहे? मुलगी आठ दिवस धड झोपलेली नाही

सईची आई, श्रीरामपूर

जय ख्रिस्त. इथे पहिल्यांदाच लिहितेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

माझी मुलगी 9 वर्षांची आहे, चौथीत. मागच्या रविवारी उपासना सुटल्यावर तिच्या चुलतभावाने मोबाइलवर आलेला एक ऑडिओ तिला ऐकवला. रशियात शास्त्रज्ञांनी जमिनीत खोल भोक पाडलं, आत मायक्रोफोन सोडला आणि नरकातल्या लोकांचा आक्रोश रेकॉर्ड झाला, असं त्याच्यासोबत लिहिलेलं. हजारो माणसं एकदम किंचाळतायत असा आवाज आहे. मीही ऐकला. माझ्याही अंगावर काटा आला.

तेव्हापासून ती दिवा मालवू देत नाही. आम्ही खाली गाद्या घालून झोपतो, तर आता तिला पलंगच हवा. "खाली नको," एवढंच म्हणते. परवा रात्री विचारलं, "मम्मी, त्या आवाजात नाना पण असतील का?"

नाना म्हणजे माझे वडील. मी लग्नाआधी बाप्तिस्मा घेतला, माहेर हिंदू. नाना वारकरी, 19 वर्षं पायी पंढरपूरला गेले. माझ्या लग्नाला भावकीतलं कुणी यायला तयार नव्हतं, तेव्हा ते एकटे एस.टी.ने आले आणि चर्चमध्ये पहिल्या बाकावर टोपी हातात धरून बसले. मागच्या पौषात गेले. आम्ही तेराव्यापर्यंत तिकडेच होतो. घरात गरुडपुराण लावलं होतं आणि सई माझ्या मांडीवर बसून सगळं ऐकायची. उकळत्या तेलाच्या कढया, यमदूत, सगळं. आता तिच्या डोक्यात ते आणि हा ऑडिओ एक झालंय.

मी तिला म्हटलं, नानांना देवावर सोपव. ती म्हणाली, "पण देवानेच टाकलं असेल तर?" मला उत्तर देता आलं नाही.

नरक खरंच जमिनीखाली आहे असं आपण मानतो का? सगळ्या मंडळ्यांचं, म्हणजे वेगवेगळ्या चर्चचं, यावर एकच मत आहे का? आणि नानांबद्दल मी तिला काय सांगू? कृपा करून खरं तेच सांगा. तिची समजूत काढायला खोटं बोलले तर ती मोठी झाल्यावर मला माफ करणार नाही.

रिगवाला, उरण

ताई, ऑडिओपुरतं मी बोलतो, कारण ते माझं काम आहे. 22 वर्षं समुद्रातल्या तेलाच्या रिगवर ड्रिलिंग केलंय.

भोक खरं आहे, गोष्ट खोटी आहे. रशियाच्या वायव्य टोकाला कोला द्वीपकल्पावर सोव्हिएत लोकांनी 1970 मध्ये खोदायला सुरुवात केली. 1989 मध्ये ते 12,262 मीटरपर्यंत पोचले. तिथे 100 अंशांच्या आसपास तापमान असेल असा त्यांचा अंदाज होता, निघालं 180. एवढ्या उष्णतेत आणि दाबात खडक खडकासारखा वागत नाही, मऊ होऊन सरकतो. खोदणारी बिट वर काढली की भोक मिटायला लागतं. म्हणून काम थांबलं. भोकाची रुंदी जेमतेम 23 सेंटिमीटर. आज त्याच्यावर एक गंजलेलं लोखंडी झाकण बोल्टांनी आवळलेलं आहे.

ऑडिओतल्या गोष्टीत मात्र जागा सायबेरिया, खोली 14.4 किलोमीटर आणि तापमान 1,100 अंश असतं. साधा मायक्रोफोन त्या उष्णतेत क्षणभर टिकणार नाही. ही गोष्ट 1989-90 च्या सुमारास फिनलंडमधल्या एका ख्रिस्ती पत्रकातून अमेरिकेतल्या एका ख्रिस्ती टीव्ही वाहिनीवर गेली. नॉर्वेतल्या एका शिक्षकाने तिच्यात मनाने मसाला घातला आणि नंतर तसं कबूलही केलं. आवाज तर पुढे कुणीतरी एका जुन्या भयपटाच्या ध्वनिफितीतून उचलून चिकटवला.

सईला सांगा, पृथ्वीच्या मध्यापर्यंत 6,371 किलोमीटर आहेत आणि माणूस अजून 13 सुद्धा गेलेला नाही. कुणी काही ऐकलेलं नाही. मी स्वतः किती रात्री भोकावर ड्युटी केली आहे. खालून चिखल येतो, वायू येतो. माणसाचा आवाज कधी आला नाही.

शब्बाथशाळेची मावशी, अहिल्यानगर

सईच्या आई, तुझी पोस्ट काल रात्री वाचली आणि मग मलाही झोप लागली नाही. 31 वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं, त्याहून जास्त वर्षं शब्बाथशाळा, म्हणजे मुलांचा रविवारचा वर्ग, घेतली. मुलांना नरकाची भीती घालून गप्प बसवणारे शिक्षक मी पाहिले आहेत. सुरुवातीच्या काळात मीही ते केलं आहे. त्याचं मला फार वाईट वाटतं, म्हणून जरा लांबलचक लिहिते.

आधी शब्द बघ. आपण सरसकट "नरक" म्हणतो, पण पवित्र शास्त्रात तो एक शब्द नाही. जुन्या करारात इब्री (हिब्रू) शब्द आहे शिओल, आपल्या मराठी शास्त्रात "अधोलोक". तिथे चांगले-वाईट सगळेच मेलेले जातात. याकोब आपल्या मुलासाठी रडताना म्हणतो की मी शोक करत तिथेच जाईन. तिथे ना आग, ना शिक्षा, नुसता अंधार आणि शांतता. ग्रीकमध्ये त्याला हेडीस म्हटलं, तेही मराठीत अधोलोकच. प्रभू येशू ज्याच्याबद्दल कडक बोलतो तो शब्द वेगळा, गेहेन्ना. आपल्याकडे त्याला "नरक" केलं. नव्या करारात तो 12 वेळा येतो, त्यातला 11 वेळा प्रभूच्या तोंडी आणि एकदा याकोबाच्या पत्रात (हा याकोब वेगळा). प्रेषित पौल इतकी पत्रं लिहितो, पण हा शब्द एकदाही वापरत नाही.

आणि गेहेन्ना ही जमिनीच्या पोटातली जागा नाही, यरुशलेमेतलं एक खोरं आहे. हिन्नोमाचं खोरं. मी तिथे उभी राहिले आहे. 2018 मध्ये पुण्याहून आमचा गट गेला होता. याफा वेशीच्या खालून ते सुरू होतं, सियोन डोंगराच्या पायथ्याने वळतं आणि पूर्वेला किद्रोनाच्या खोऱ्याला मिळतं. आता तिथे गवत आहे, जैतुनाची झाडं आहेत, लोक सकाळी फिरायला येतात. आमच्यातल्या एका बाईंनी गाइडला तीन-तीनदा विचारलं, "हाच का नरक?"

गाइड म्हणाला, येशूच्या काळी इथे शहराचा कचरा सतत जळत असे, म्हणून हे नाव पडलं. आपले बरेच उपदेशकही हेच सांगतात, मीही वर्गात सांगायचे. घरी येऊन वाचलं तेव्हा कळलं की ही कचऱ्याची गोष्ट पहिल्यांदा सापडते ती सुमारे 1200 सालच्या, दावीद किम्ही नावाच्या यहुदी भाष्यकाराच्या लिखाणात. म्हणजे प्रभूनंतर 1,100 वर्षांहून अधिक काळाने. खणून काढलेला पुरावाही नाही.

खरं कारण त्याहून भयंकर आहे आणि ते शास्त्रातच लिहिलंय. त्या खोऱ्यात तोफेथ नावाच्या ठिकाणी लोक आपली स्वतःची लेकरं आगीत होम करत. आहाज राजाने केलं, मनश्शेने केलं. पुढे योशीया राजाने ती जागा भ्रष्ट केली, म्हणजे पुन्हा कुणी तिथे लेकरू नेऊ नये. आणि यिर्मया संदेष्ट्याच्या तोंडून देव म्हणतो की हे मी कधी सांगितलं नव्हतं, माझ्या मनातही ते आलं नव्हतं.

हे वाचून मी बराच वेळ पुस्तक मिटून बसले होते. ज्या जागेवरून नरकाला नाव पडलं ती मोठ्यांनी लेकरांना आगीत घालायची जागा होती, आणि देवाला तिचा संताप आला. त्याच जागेचं नाव घेऊन आपण 9 वर्षांच्या पोरीची झोप उडवायची? प्रभू गेहेन्नाबद्दल बोलला ते कुणाशी, तेही बघ. भावाला "मूर्खा" म्हणणारे, लहानग्यांना अडखळण आणणारे, दुसऱ्याच्या खांद्यावर ओझी लादणारे धर्मपुढारी. घाबरलेल्या लेकराला त्याने जवळ घेतलं.

आता "कुठे" याबद्दल. लोकांनी शतकानुशतकं जागा शोधली. सहाव्या शतकात पोप थोर ग्रेगरी सिसिलीकडच्या ज्वालामुखींकडे बोट दाखवतात. आइसलंडच्या हेक्ला ज्वालामुखीला मध्ययुगात नरकाचं दार म्हणत. 1714 मध्ये टोबायस स्विंडन नावाच्या इंग्रज पाळकाने पुस्तक लिहिलं की पृथ्वीच्या पोटात एवढी आग आणि एवढी जागा मावणार नाही, म्हणून नरक सूर्यात आहे. शास्त्र मात्र पत्ता देत नाही. "खाली" म्हणतं ते मेलेल्याला आपण खाली पुरतो म्हणून, असं माझं मत आहे.

गरुडपुराणाचं म्हणशील तर गोंधळ भाषेत आहे. भाषांतरकारांनी "नरक" शब्द घेतला तेव्हा कढया आणि यमदूत त्याच्यासोबत आले. पण तुझ्या माहेरच्या त्या नरकातून शिक्षा भोगून जीव सुटतो, पुन्हा जन्म घेतो. आपण चित्र तिकडचं घेतलं आणि "कधीच सुटका नाही" हे आपलं त्याला जोडलं. सईच्या डोक्यात दोन्हीकडचं जे सर्वांत भीतिदायक तेच एकत्र आलंय. तिला हे दोन धागे वेगळे करून दाखव. ती समजण्याइतकी मोठी आहे.

नानांचं सांगते, पण आधी बाकीच्यांना बोलू दे.

वचनाचा विद्यार्थी, जालना

मावशी, तुमचा मान राखून लिहितो. मुलांना घाबरवू नये हे शंभर टक्के मान्य. पण वाचणाऱ्याला असं वाटू नये की नरक ही फक्त जुन्या खोऱ्याची आठवण आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानात 25:46 मध्ये सार्वकालिक शिक्षा आणि सार्वकालिक जीवन एकाच वाक्यात आहेत, ग्रीकमध्ये शब्दही एकच. प्राचीन ख्रिस्ती विचारवंत संत ऑगस्टीनने हेच दाखवलं होतं, एक कायमचं मानायचं आणि दुसरं तात्पुरतं, असं करता येत नाही. मी गावोगाव सुवार्ता सांगतो ते यामुळेच. धोका नसेल तर तारण कशापासून?

शब्बाथशाळेची मावशी, अहिल्यानगर

दादा, ते वचन मी पुसत नाही. मला त्याची भीती वाटते, आणि वाटायला हवी. पण मत्तय 10:28 मध्ये प्रभू असंही म्हणतो की देव आत्मा आणि शरीर दोन्हींचा तिथे नाश करू शकतो. नाश म्हणजे संपणं, असं अॅडव्हेंटिस्ट मंडळी मानतात. इंग्लंडमधल्या जॉन स्टॉटसारख्या शास्त्राला घट्ट धरणाऱ्या पाळकानेही 1988 मध्ये तिकडे कल दाखवला. चौथ्या शतकात न्यिसाचा बिशप ग्रेगरी (वरचे पोप नव्हेत) याने अशी आशा लिहिली की ती आग शुद्ध करणारी आहे आणि शेवटी सगळे परततील. त्या ग्रेगरीला मंडळी आजही संत म्हणते. म्हणजे सईच्या आईच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर "नाही, एक मत नाही" असंच आहे, आणि ते तिला प्रामाणिकपणे सांगायला हवं.

मी स्वतः नाश मानते. अनंतकाळ छळ करणारा बाप मला शुभवर्तमानात सापडत नाही.

वसईकर

आमच्या कॅथलिक बाजूचं थोडं. 28 जुलै 1999 रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांनी सांगितलं की नरक ही जागा समजण्यापेक्षा, जे स्वतःहून आणि कायमचे देवापासून दूर जातात त्यांची ती अवस्था समजावी. आमचा कॅटेकिझमही, म्हणजे शिकवणीचं अधिकृत पुस्तक, म्हणतो की मुख्य शिक्षा म्हणजे देवाचा कायमचा विरह. नरक आहे असं ख्रिस्तसभा शिकवते. पण अमुक एक माणूस तिथे आहे असं तिने आजवर कुणाबद्दलही जाहीर केलेलं नाही. संत हजारो जाहीर केले, नरकातला एकही नाही. आणि दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1964 मध्ये लिहून ठेवलंय की ज्यांच्यापर्यंत सुवार्ता त्यांच्या दोषाविना पोचली नाही, पण जे मनापासून देवाला शोधतात आणि विवेकाला जागून वागतात, त्यांचंही तारण होऊ शकतं.

हे मला का पाठ आहे ते सांगतो. माझ्या आजीचं पहिलं बाळ बाप्तिस्म्याआधी गेलं. त्याला कबरस्तानाच्या भिंतीबाहेर पुरलं. अशी बाळं लिंबोत जातात, देवाचं दर्शन त्यांना नाही, असं तेव्हा शिकवत. आजी दर 2 नोव्हेंबरला सगळ्यांच्या कबरींवर मेणबत्त्या लावायची आणि शेवटची एक घेऊन गुपचूप भिंतीबाहेर जायची. 2007 मध्ये व्हॅटिकनच्या ईशज्ञान आयोगाने लिहिलं की अशा बाळांच्या तारणाची आशा धरायला भक्कम कारणं आहेत. मी ते आजीला वाचून दाखवायला गेलो. ती 91 वर्षांची होती. म्हणाली, "मला माहीत होतं." आणि भात टाकायला उठली.

शब्बाथशाळेची मावशी, अहिल्यानगर

वसईकर, तुमच्या आजींना माझा सलाम.

सईच्या आई, आता नाना. ते कुठे आहेत हे मला माहीत नाही आणि ज्याला माहीत आहे असं कुणी म्हणेल त्याच्यावर विश्वास ठेवू नकोस. पण दर रविवारी आपण उभं राहून विश्वासाच्या कबुलीत म्हणतो की प्रभू "अधोलोकात उतरला". तोंडपाठ असल्यामुळे आपण त्यावरून घसरत जातो. इस्तंबूलच्या जुन्या कोरा चर्चमध्ये (आता ती मशीद आहे) 14 व्या शतकाच्या सुरुवातीचं एक भित्तिचित्र आहे, इंटरनेटवर सहज सापडेल, सईला ते दाखव. येशू अधोलोकात उभा आहे, पायाखाली मोडून पडलेली दारं, कुलपं-किल्ल्या विखुरलेल्या. आणि त्याने आदामाला आणि हव्वेला मनगटांना धरून कबरीतून ओढलंय. हाताला नव्हे, मनगटाला, म्हणजे त्यांनी धरलं नाही तरी सुटणार नाहीत. आणि 139 वं स्तोत्र तिला वाचून दाखव. दावीद म्हणतो, अधोलोकात अंथरूण टाकलं तरी देवा, तू तिथे आहेस. तिला जमिनीवरच्या अंथरुणाची भीती वाटते ना, मग तेच वाच.

एक राहिलं. त्याच हिन्नोमाच्या खोऱ्याच्या उतारावर 1979 मध्ये गब्रिएल बारके या पुरातत्त्वज्ञाने जुन्या थडग्यात खोदकाम केलं. मदतीला शाळकरी मुलं होती. तिथे चांदीच्या दोन बारीक गुंडाळ्या सापडल्या, ताईतासारख्या. त्या उलगडायला तीन वर्षं लागली. वर कोरलेलं होतं तेच, जे उपासनेच्या शेवटी पाळकसाहेब हात वर करून म्हणतात, "परमेश्वर तुला आशीर्वाद देवो व तुझे संरक्षण करो." यिर्मयाच्या सुमारासच्या त्या गुंडाळ्या. शास्त्रातल्या वचनांचा याहून जुना लेख आजवर मिळालेला नाही. आणि तो मिळाला गेहेन्नात.

सईची आई, श्रीरामपूर

मावशी, रिगवाले दादा, सगळ्यांचे आभार. उशिरा लिहितेय.

दादांचं उत्तर तिने स्वतः वाचलं. मग चुलतभावाला फोन करून 23 सेंटिमीटर म्हणजे केवढं ते समजावलं आणि ऑडिओ पुसायला लावला. मनगटाचं चित्र आम्ही मोठं करून पाहिलं. तिने माझं मनगट धरून बघितलं, मग मी तिचं धरलं.

नानांबद्दल मी तिला तेच सांगितलं, मला माहीत नाही. ती जरा गप्प बसली आणि म्हणाली, "पण येशू खाली जाऊन आलाय ना, मग त्याला रस्ता माहीत आहे."

काल तिने चांदीच्या गुंडाळीचं माप विचारलं. शोधलं तर लहान गुंडाळी उलगडल्यावर साधारण 4 सेंटिमीटर लांब आणि 1 सेंटिमीटर रुंद. तिने पट्टीने मोजून चॉकलेटच्या चांदीचा तुकडा कापला आणि टाचणीने लिहायला बसली. "परमेश्वर तुला" एवढ्यातच जागा संपली. मग तिने दुसरा तुकडा घेतला आणि त्याच्यावर फक्त नानांचं नाव लिहिलं. दोन्ही गुंडाळून नानांच्या टोपीत ठेवलेत, ती टोपी माझ्याकडे आहे.

दिवा अजून लावूनच झोपतो. पण गादी परत खाली आली आहे.

मावशी, तिचा एक प्रश्न आहे. एवढ्या बारीक जागेत त्या माणसाने अक्षरं कशाने कोरली असतील?