जिवाणूच्या घनफळात दशांशानंतर चार अंक कशाला?

काचपट्टी:
प्रात्यक्षिकाच्या वह्यांत नेहमी दिसतं: स्टॅफिलोकोकस या गोल जिवाणूचा व्यास १ मायक्रोमीटर, म्हणून पृष्ठफळ ३.१४१६ चौरस आणि घनफळ ०.५२३६ घन मायक्रोमीटर. साध्या सूक्ष्मदर्शकाला ०.२ मायक्रोमीटरपेक्षा बारीक काही वेगळं दिसत नाही. पेशीची कड कुठे धरायची, यातच तेवढा फरक पडतो. व्यास ०.८ धरला तर घनफळ ०.२७, १.२ धरला तर ०.९०. तिपटीहून जास्त! पल्ला न देता लिहिलेल्या उत्तराला गुण देऊ नयेत, असं माझं ठाम मत आहे.

घनमूळ:
अजिबात पटलं नाही. हे गणित गुणोत्तरासाठी करतात. गोलात पृष्ठफळ भागिले घनफळ म्हणजे ६ भागिले व्यास. तुमच्या पल्ल्यात ते ७.५ ते ५ येतं; २० मायक्रोमीटरच्या पेशीत ०.३. अन्न पृष्ठभागातून येतं आणि खर्च होतं आतल्या घनफळात. लहान असण्याचा फायदा मुलांना इथेच कळतो. त्याचे गुण कापणार?

काचपट्टी:
मग थायोमार्गारिटा नामिबिएन्सिस घ्या. नामिबियाच्या किनाऱ्यालगतच्या समुद्रतळाच्या गाळात १९९७ साली सापडलेला हा गोल जिवाणू ०.७५ मिलिमीटरपर्यंत वाढतो, नुसत्या डोळ्यांना दिसतो. व्यास २०० मायक्रोमीटर धरला तरी गुणोत्तर ०.०३. या हिशेबाने तो उपाशी मरायला हवा! पण आत जवळजवळ सगळी नायट्रेट साठवणारी रिक्तिका, म्हणजे द्रवाने भरलेली पिशवी, असते, जिवंत पेशीद्रव्य कडेच्या पातळ थरात. सूत्र बरोबरच आहे, पण घनफळ नक्की कशाचं मोजलं?

तांबडीपेशी:
तुम्ही दोघंही गोल धरूनच बोलताय. माणसाच्या तांबड्या पेशीचं घनफळ साधारण ९० घन मायक्रोमीटर, पृष्ठफळ १३५-१४० चौरस. तेवढ्याच घनफळाच्या गोलाला ९७ पुरतं. उरलेलं पटल (पेशीचं बाहेरचं आवरण) आहे म्हणूनच ती अरुंद केशवाहिनीतून वाकून जाते. आनुवंशिक गोलपेशी आजारात पटल झडत जातं, पेशी गोल होते, प्लीहेत अडकते आणि नष्ट होते. इथे पृष्ठफळातली थोडीशी घटही रुग्णाला भोवते, त्यामुळे ढोबळ आकड्यावर भागत नाही.

घनमूळ:
पण ते ९७ गोलाच्याच सूत्रातून आलं ना? दिलेल्या घनफळाला सर्वांत कमी पृष्ठफळ गोलाचं, म्हणून तर तुलना करता आली. पल्ला जरूर लिहायला लावा. शून्य गुण मात्र अन्याय आहे.

काचपट्टी:
ठीक, सूत्राचे गुण द्या. ०.५२३६ ला मात्र नाही. तिथे ‘सुमारे ०.५’ लिहिणाऱ्यालाच पूर्ण गुण.