पहिलीसाठी पालिकेची शाळा की जिल्हा परिषदेची? सल्ला हवा

घाटमाथा:
सातारा जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. लेक जूनमध्ये पहिलीत. पालिकेची शाळा चालत दहा मिनिटं; शिष्यवृत्तीचा फ्लेक्स दरवर्षी लागतो. जि. प.ची गावाबाहेर, पट पन्नासच्या आत. निकाल ताडून कसे बघायचे? खाजगी नको. रिक्षाला महिना ५००च्या वर जमणार नाही.

पुणेरी_पाटी:
सीबीएसई बघा. फी साठेक हजार. आमचा फाडफाड इंग्रजी बोलतो.

घाटमाथा:
खाजगी नको म्हटलंय ना वर.

पुणेरी_पाटी:
मग आरटीईच्या, म्हणजे खाजगी शाळेतल्या मोफत राखीव २५ टक्के जागांत अर्ज करा!

कोयनाकाठ:
खुल्या गटाला उत्पन्न लाखाच्या आत लागतं, साहेब.
घाटमाथा, पालिकेचीच घ्या. माझी दोन्ही तिथेच शिकली, एक आज इंजिनिअर आहे. असरचा, म्हणजे पोरांचं वाचन-गणित तपासणाऱ्या सर्वेक्षणाचा अहवालही बघा.

निवृत्त_गुरुजी:
असर जिल्ह्याचा आकडा देतो, शाळेचा नाही. तोही ग्रामीण भागाचा. युडायसवर, म्हणजे सरकारच्या शाळांच्या माहितीच्या साइटवर, पट, शिक्षक, खोल्या कळतील. पोरांना वाचता येतं का ते नाही.
फ्लेक्सवर जाऊ नका. पास किती यापेक्षा परीक्षेला बसवले किती ते विचारा. आम्हीही निवडक दहा बसवायचो. त्यापेक्षा तिसरीतलं कुठलंही पोर उठवा, दुसरीच्या पुस्तकातला उतारा वाचायला द्या, हातच्याची एक वजाबाकी घाला.

सासुरवाशीण:
जि. प. नकोच. कायद्याने ६० पटापर्यंत दोनच शिक्षक. तीसला एक ऐकायला छान, पण चार वर्ग दोघांत! त्यात एक निवडणुकीच्या कामाला. आमच्याकडे तर खिचडीत मीठसुद्धा नसायचं.

कोयनाकाठ:
खिचडीचा काय संबंध? पालिकेचीच घ्या.

माणदेशी:
पुणे जिल्ह्यातली ती गाजलेली वाबळेवाडीची शाळापण जि. प.चीच आहे बरं का.

सासुरवाशीण:
आली वाबळेवाडी! असा एक धागा जात नाही.

निवृत्त_गुरुजी:
शिक्षक कोण आणि किती वर्षं राहणार, हेही विचारा. जि. प.त बदली झाली की चांगला वर्ग वर्षात ढासळतो. पालिकेचे शिक्षक गावातल्या गावातच फिरतात. एकूण पालिकाच बरी.

घाटमाथा:
दोन्हीकडे जाऊन आलो. पालिकेत तिसरीची पोरं उताऱ्याला अडखळली, वजाबाकी मात्र झाली. जि. प.त पहिली-दुसरी एकत्र बसते, तरी दुसरीतलीच वाचत होती. त्या बाई नुकत्याच बदलून आल्यात, म्हणजे लगेच हलायच्या नाहीत. जि. प. नक्की केली. रिक्षा ८०० म्हणतोय.

पुणेरी_पाटी:
८०० देताय तर सीबीएसईची बस काय वाईट?